सोमवारपर्यंत

नागपूरच्या हायकोर्टात एक रीत होती. होती म्हणायचं, कारण शामला ठवकर यांच्यापुरती तरी ती आता उरलेली नाही, आणि ती कशी गेली हेच सांगायचं आहे. सरकारविरुद्धचं एखादं प्रकरण दिवस सरता सरता पुकारलं जायचं. ऐकायला वेळ नसायचा. मग न्यायमूर्ती विचारायचे, पुढच्या तारखेपर्यंत तुम्ही काही करणार आहात का? सरकारी वकील बाहेर जाऊन साहेबाला फोन लावायचा, परत येऊन उभा राहायचा आणि सांगायचा की नाही, तोवर काही करणार नाही. झालं. स्थगिती मागणारा वकील खाली बसायचा आणि पुढचं प्रकरण पुकारलं जायचं. हा शब्द हुकमात उतरायचाच असं नाही. तो लिहून मागणं म्हणजे सोयरीक जमल्यावर व्याह्याकडून स्टॅम्पपेपर मागण्यासारखं. कोर्टाला सरकारवर हुकूम सोडावा लागत नसे आणि सरकारला हुकूम खावा लागत नसे. दोघांचीही अब्रू राहायची.

शामलाताईंच्या शब्दाला तर या रीतीतही वरचं स्थान होतं. त्या सहायक सरकारी वकील. माहेर कुहीकडचं, धान पिकवणाऱ्या घरातलं, सासर नागपूरच्याच महाल भागात. आवाज बारीक, पण बोलणं तोलूनमापून. साहेबाशी बोलणं झालं नसेल तर 'बोलणं झालेलं नाही' असं सरळ सांगायच्या, आणि त्यापायी बोलणीही खायच्या. बार रूममध्ये म्हणत, ठवकर मॅडमनी सांगितलं म्हणजे कोरलं. अशी ख्याती कमवायला अर्धं आयुष्य जातं. ती जायला काय लागतं ते पुढे कळेलच.

एप्रिलचा पहिला शुक्रवार होता. गच्चीवरचे कूलर नुकते खाली उतरले होते आणि कोर्टाच्या पोर्चमध्ये काळे कोट हातावर घेऊन फिरणाऱ्यांची संख्या वाढली होती. वीटभट्टी वस्तीचं प्रकरण अगदी शेवटी आलं. कोराडी रोडच्या अलीकडे जुनी भट्टी होती. भट्टी बंद पडली, मजूर तिथेच राहिले, झोपड्यांच्या विटांच्या खोल्या झाल्या. एक पुढची ओळ, एक मागची ओळ. दारावरून कोळशाचे ट्रक जातात आणि वाळत घातलेल्या लुगड्यावर राखेची पूड बसते, पण माणसं म्हणतात, आपलं आहे. आता तिथून नवा रस्ता जायचा होता. रस्ता काढणाऱ्या खात्याचं नाव मी घेत नाही. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी ही खाती. आधी दुसरी घरं देऊ, मग ही पाडू, असं त्याच खात्यानं स्वतःच्या योजनेत लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या घरांचा पत्ता नव्हता, पाडायच्या नोटिसा मात्र दारोदार चिकटल्या होत्या.

वस्तीच्या बाजूनं उभे होते मधुकरराव. बारमधले सर्वांत ज्येष्ठ. त्यांनी सांगितलं, की उद्यापासून दोन दिवस कोर्ट बंद आहे, आणि बुलडोझर नेमका कोर्टाच्या सुट्टीत येतो हे माय लॉर्डना मी सांगायला नको. न्यायमूर्तींनी घड्याळाकडे आणि मग शामलाताईंकडे पाहिलं. नेहमीचा प्रश्न विचारला. त्या बाहेर गेल्या, खात्याचे अधिकारी जितेंद्र सायरे यांना फोन लावला. सायरे हसून म्हणाले, "मॅडम, सोमवारपर्यंत काही नाही करत आम्ही. सांगून द्या कोर्टाले." शामलाताईंनी पुन्हा एकदा विचारून खात्री केली. सायरे म्हणाले, सांगून द्या ना, मी आहे.

शामलाताई आत आल्या, उभ्या राहिल्या आणि खात्याच्या सूचनेवरून तसं सांगितलं. मधुकररावांनी मान हलवली आणि ते बसले. हे लिहून घ्यावं अशी विनंती त्यांनी केली नाही. दुसरा कोणी वकील असता तर केली असती. शामला होती म्हणून नाही केली. हुकमात एवढंच आलं: प्रकरण सोमवारी पहिलं ठेवावं.

इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे झालं. चूक त्यानंतर झाली, आणि ती शामलाताईंची स्वतःची.

याचिकेत पहिलं नाव तुळसाबाईंचं होतं. वस्तीत पुढच्या ओळीत त्यांची पिठाची चक्की. त्यामागे त्यांची खोली. दिवसभर त्या कोर्टाच्या मागच्या बाकावर पदर आवळून बसल्या होत्या. आत जे काही झालं ते इंग्रजीत झालं. बाहेर आल्यावर मधुकरराव त्यांना समजावून सांगत होते, तर तुळसाबाईंनी त्यांना तिथेच सोडलं आणि त्या सरळ शामलाताईंसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुमीच सरकारच्या ना बाई? मंग तुमीच सांगा. आमच्या वकीलसाहेबाचं मी आयकतो, पन मशीन काही त्यायची नाई."

समोरच्या पक्षाशी बोलायचं नसतं, हे वकिलीच्या पहिल्या वर्षात शिकवतात. शामलाताई तुळसाबाईंच्या वाक्याला हसल्या आणि ती शिकवण विसरल्या. त्या बाईचा हात पिठानं कसा पांढरा पडलेला असेल, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. कुहीच्या बाजारात त्यांची आई अशीच एका चक्कीवाल्या बाईशी दळण होईपर्यंत बोलत बसायची. त्या म्हणाल्या, "सोमवारपर्यंत कोणी हात लावणार नाही मावशी. निश्चिंत राहा."

सोमवारपर्यंत हात लावणार नाही, हे सायरेंचं होतं. निश्चिंत राहा, हे सायरेंनी सांगितलं नव्हतं. ते त्यांनी पदरचं घातलं.

शनिवारी सकाळी महालात शामलाताई भाजी निवडत होत्या तेव्हा मधुकररावांचा फोन आला. बोलताना ते कधी घसा खाकरत नाहीत. आज दोनदा खाकरले. वीटभट्टीवर मशीन लागली आहे म्हणाले, आणि पोलीसही आहेत. तू बघ बेटा, मी कोणत्या न्यायमूर्तींच्या बंगल्यावर जाऊ शकतो ते पाहतो. शामलाताईंनी सायरेंना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला तेव्हा बंद होता. त्यांनी भाजी तशीच टाकली, स्कूटी काढली आणि डोक्याला ओढणी गुंडाळून महालाच्या गल्ल्यांतून वाट काढत निघाल्या. त्यांना वाटेत खरोखरच असं वाटत होतं की काहीतरी गैरसमज झाला असेल. आपण पोचलो की थांबेल. सरकारची वकील आहे मी, मी सांगितलं तर सरकार थांबणार नाही का?

त्या पोचल्या तेव्हा पुढची ओळ जवळजवळ संपली होती. धूळ इतकी होती की आधी फक्त मशीनचा आवाज आला, मग मशीन दिसली. त्यांनी तिथल्या इंजिनियरला गाठलं आणि सांगितलं की काल कोर्टात मी स्वतः शब्द दिला आहे, काम थांबवा. त्यानं नम्रपणे विचारलं, स्टे आहे का? स्टे नव्हता. मग हुकमात काही लिहिलेलं आहे का? तेही नव्हतं. मला वरून थांबवा असा निरोप नाही मॅडम, तो म्हणाला, आणि मला स्वतःहून थांबवता येत नाही. मग त्यानं मागे वळून एकाला सांगितलं, मॅडम आपल्याच आहेत, सावलीत खुर्ची टाका. खुर्ची आली. लाल प्लास्टिकची. शामलाताई बसल्या नाहीत. पण ती खुर्ची आणि 'आपल्याच आहेत' हे दोन्ही वस्तीतल्या सगळ्यांनी पाहिलं आणि ऐकलं.

कुंपणानं शेत खाल्लं तर दाद कोणाकडे मागायची, असं आपण म्हणतो. पण शेताला कुंपणाच्या वतीनं 'घाबरू नको' असं सांगून आलेल्या माणसानं काय करायचं, याला म्हण नाही.

तुळसाबाई रस्त्याच्या पलीकडे, बाभळीखाली उभ्या होत्या. त्यांच्याकडून जे कळलं ते मशीनपेक्षा वाईट होतं. नोटिसा लागल्यापासून वस्तीनं तयारी सुरू केली होती. अशा वस्त्या काही भोळ्या नसतात. घर जाणारच असेल तर काय वाचवायचं हे त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक असतं. विटा जातात, पण छपराचे टिन, दार, चौकट, लोखंडी पलंग वाचतात, आणि ते असले तर दुसऱ्या जागी आठवड्यात घर उभं राहतं. गुरुवारपर्यंत पुढच्या ओळीतले टिन उतरले होते. तुळसाबाईंनी चक्कीची मोटर नटबोल्ट खोलून काढून ठेवली होती. हातगाडी सांगितली होती. शुक्रवारी संध्याकाळी त्या कोर्टातून आल्या आणि घरोघर जाऊन म्हणाल्या, काढू नका. सरकारच्या बाईनं आपल्या तोंडानं सांगितलं. निश्चिंत राहा म्हणाली.

मग माणसं छपरावर चढली आणि टिन परत ठोकले. कोणी उन्हात पोरं किती दिवस ठेवायची म्हणून, कोणी शेजाऱ्यानं ठोकले म्हणून. चक्कीची मोटर परत बसली, आणि रात्रीच्या भाकरीचं पीठही त्याच चक्कीवर दळलं गेलं. एकट्या देवाजीनं ऐकलं नाही. तो म्हातारा कोणाचंच ऐकत नाही, बायकोचंही ऐकलं नव्हतं असं म्हणतात. त्यानं आपले टिन, दार आणि पलंग तसेच लिंबाखाली रचून ठेवले आणि लोकांनी त्याची टर उडवली. आज पुढच्या ओळीत ज्याचा संसार शाबूत होता असा तो एकटाच होता. तो पलंगावर बसला होता आणि कोणाकडे बघत नव्हता. आपण बरोबर ठरलो याची त्याला लाज वाटत असावी.

चक्की ढिगाऱ्यात होती. दळायचा वरचा दगडी पाट फुटून त्याचे दोन तुकडे बाहेर दिसत होते.

शामलाताईंना तुळसाबाईंनी एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "तुमाले मालूम नव्हतं ना बाई?"

"नव्हतं."

"मले वाटलंच. नाईतर काहून सांगितलं असतं तुमी."

शामलाताईंना रडू आलं आणि ते त्यांनी गिळलं, कारण तिथे रडायचा हक्क आपला नाही हे त्यांना कळत होतं. पुढच्या ओळीचा ढिगारा उपसता उपसता संध्याकाळ झाली आणि मशीन थांबली. मागची ओळ उरली. ती उद्यावर गेली असती, पण तोवर मधुकररावांनी धावपळ करून एका न्यायमूर्तींपर्यंत निरोप पोचवला, तिथून फोन गेला आणि रविवारी मशीन आली नाही. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हेच. निदान गोठ्याचा दुसरा अर्धा भाग तरी राहिला.

रविवारी शामलाताईंना त्यांच्या कार्यालयातल्या वरिष्ठांनी घरी बोलावलं. त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत. चहा झाला, उन्हाची चौकशी झाली. मग मोठ्या साहेबांनी सांगितलं की सायरेंशी बोलणं झालं आहे. सायरेंचं म्हणणं असं, की मी 'बघतो, प्रयत्न करतो' म्हणालो होतो. मॅडमनी पक्कं समजून घेतलं. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं मोठे साहेब थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि अखेर बोलले ते असं: उद्या कोर्टानं विचारलं तर ऐकण्यात गफलत झाली म्हणा. दिलगिरी व्यक्त करा. तुमचं नाव चांगलं आहे, कोर्ट तुम्हाला माफ करील. सायरेंना नाही करणार.

शामलाताई म्हणाल्या, गफलत झाली नाही. मी दोनदा विचारलं होतं.

मोठे साहेब काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांनी जे विचारलं ते कायद्याचं विचारलं. सरकार आपलं अशील आहे ना? अशिलानं आपल्याला कानात सांगितलेलं आपण भर कोर्टात त्याच्याच विरुद्ध सांगायचं? उद्या कोणता अधिकारी तुम्हाला खरं सांगेल? हे प्रश्न घेऊनच शामलाताई घरी आल्या, आणि त्यांना रात्रभर झोप लागली नाही. नवरा गिरिधर म्हणाला, तुझ्या नेमणुकीची मुदतवाढ जूनमध्ये आहे, एवढं लक्षात ठेव. मग स्वतःच ओशाळून म्हणाला, नको ठेवू. तो बिचारा दोन्ही खरंच म्हणत होता.

त्यांच्या मनात एक हिशेब चालला होता. गफलत झाली म्हणाल्या तर कोर्टाचा आणि खात्याचा भांडाभांडीचा प्रसंग टळतो, सायरे वाचतात, त्यांची ख्याती जाते. खरं सांगितलं तर पद जातं. दोन्हीकडे त्यांचंच काहीतरी जात होतं, तेव्हा त्यावरून ठरवण्यात अर्थ नव्हता. पण गफलत झाली म्हटलं तर वीटभट्टीवर जे घडलं ते कोणीच केलं नाही असं होणार होतं. ते एका बाईच्या कानाचा दोष ठरणार होतं. तुळसाबाईंनी विचारलं होतं, तुम्हाला ठाऊक नव्हतं ना. त्या प्रश्नाचं दिलेलं उत्तर उद्या कोर्टात बदलायचं? एवढ्या एका गोष्टीवर त्या अडून बसल्या.

सोमवारी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. असं काही घडलं की वकील मंडळी मोर्चाला जमावी तशी जमतात. मधुकररावांनी उभं राहून काय घडलं ते थोडक्यात सांगितलं आणि शेवटी म्हणाले, की शब्द लिहून न घेण्यात माझी चूक झाली. कोणावर आरोप केला नाही. सरकारतर्फे मोठे साहेब स्वतः आले होते. ते म्हणाले की हुकमात तसं काही नसल्यानं अवमानाचा प्रश्न येत नाही. कायद्यानं ते खरंच होतं. शुक्रवारच्या हुकमात तारखेशिवाय काही नव्हतं. शब्द कोणाच्या सांगण्यावरून दिला गेला हे सांगू शकणारं एकच माणूस त्या खोलीत होतं, आणि ते सरकारच्या बाजूच्या टेबलाशी उभं होतं. न्यायमूर्तींना आठवत नव्हतं असं नाही. पण त्यांना ते शामलाताईंच्या तोंडून हवं होतं.

न्यायमूर्तींनी विचारलं, मॅडम, शुक्रवारी तुम्ही आम्हाला शब्द दिला होता का? आणि कोणाच्या सांगण्यावरून?

मोठे साहेब टेबलावरच्या फायलीचा दोरा सरळ करू लागले. शामलाताई म्हणाल्या, "दिला होता. श्री. जितेंद्र सायरे यांनी फोनवर सांगितलं, मी दोनदा विचारून खात्री केली, आणि मग दिला. माझी ऐकण्यात गफलत झालेली नाही."

मग त्यांनी जे सांगायची गरज नव्हती तेही सांगितलं. बाहेर मी याचिकाकर्त्या बाईंना निश्चिंत राहा म्हणाले होते, आणि ते ऐकून वस्तीनं उतरवलेली छपरं परत चढवली. ते मला कोणी सांगायला सांगितलं नव्हतं. ती चूक माझी आहे.

मग न्यायमूर्ती बोलू लागले आणि बराच वेळ बोलले. त्या दिवशीचं त्यांचं बोलणं वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांत आलं: सरकार कोर्टाच्या सौजन्याला दुबळेपणा समजत असेल तर कोर्टाला दुसरी भाषाही येते, असं काही. सायरेंना स्वतः हजर राहायचा हुकूम झाला. मागच्या ओळीला लेखी स्थगिती मिळाली, पुढील आदेश होईपर्यंत. आणि यापुढे खात्याचा कोणताही तोंडी शब्द घेतला जाणार नाही, प्रतिज्ञापत्र लागेल, असं न्यायमूर्तींनी हुकमातच लिहवून घेतलं. ते बरोबरच होतं. पण ते लिहिलं जात असताना शामलाताईंना वाटलं, की आपलं आयुष्यभराचं कसब तेवढ्या ओळीत खोडलं गेलं.

बाहेर मधुकररावांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "बरं केलंस बेटा," ते म्हणाले. मग म्हणाले, की पुढच्या वेळी मी तुझाही शब्द लिहूनच मागीन, वाईट वाटून घेऊ नको. त्यांनी ते मायेनं सांगितलं, आणि शामलाताईंना ते अजूनही लागून आहे.

पुढचं सगळं जसं होतं तसं झालं. सायरे इस्त्रीचा शर्ट घालून आले, प्रतिज्ञापत्रात बिनशर्त माफी मागितली. कोर्टानं कडक ताकीद दिली आणि माफी स्वीकारली. कोर्ट दुसरं काय करणार? कोर्टापाशी ना मशीन, ना पोलीस, ना विटा. त्यालाही शेवटी हुकूम पाळून घ्यायला त्याच सायरेंच्या खात्याकडे पाहावं लागतं. पुढच्या ओळीच्या लोकांना दुसरी घरं देण्याचा विचार सहानुभूतीनं करावा, असा आदेश झाला. सहानुभूतीनं विचार चालू आहे. सायरेंची बदली झाली, पण जिथे झाली तिथली खुर्ची मोठी होती. पुढच्या ओळीच्या जागेवर खात्यानं तारेचं कुंपण घालून घेतलं. खात्याच्या दृष्टीनं सुंठीवाचून खोकला गेला.

शामलाताईंना मुदतवाढ मिळणार नाही हे जूनची वाट न पाहताच कळलं. त्यांनी कारण विचारलं नाही; कोणी सांगितलंही नसतं. कोणी त्यांना धाडसी म्हणालं, कोणी आगाऊ. खात्यांची कामं आधीच दुसऱ्यांकडे वळली होती. एखादा साहेब पोर्चमध्ये समोर आला तर फोन कानाला लावून बाजूनं निघून जायचा.

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी त्या वीटभट्टीवर गेल्या. कोणी बोलावलं नव्हतं. त्यांच्या कानावर आलं होतं की मागच्या ओळीचे लोक घाबरले आहेत, आणि त्यांना वाटलं की आपण जाऊन सांगावं. या वेळी हातात कागद होता. हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल त्यांनी मुद्दाम काढून घेतली होती. त्यात स्थगिती शब्दात, अक्षरात, पांढऱ्यावर काळं करून लिहिलेली होती. हा सायरेंचा फोन नव्हता. हे खुद्द हायकोर्ट होतं.

ऊन मी म्हणत होतं. लांबूनच ठोकाठोकीचा आवाज आला. मागच्या ओळीच्या छपरांवर माणसं होती. दोन घरांचे टिन उतरून भिंतीशी उभे केलेले होते, तिसऱ्याचे खिळे उपसणं चाललं होतं. आतून बायका भांडी, गाद्या, देव्हारे बाहेर आणत होत्या. खाली उभ्या राहून टिन हातात घेणाऱ्यांत तुळसाबाई होत्या. त्यांचं स्वतःचं काढायला काही उरलं नव्हतं. मागच्या ओळीतल्या एका घरी ओसरीवर राहत होत्या, आणि त्या घराचंच छप्पर आता उतरत होतं.

शामलाताईंनी कागद पुढे केला आणि समजावून सांगितलं. हा लेखी स्टे आहे मावशी. हा मोडला तर जेल आहे. तुम्ही हे काढायची काही गरज नाही.

तुळसाबाईंनी हात पदराला पुसले, कागद घेतला, वाचता येत नसतानाही वरपासून खालपर्यंत पाहिला आणि परत दिला. वकीलसाहेबांनी सगळं सांगितलं होतं त्यांना. बाईंनी कोर्टात खरं सांगितलं, त्यापायी त्यांचं काम गेलं, हेही. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी एवढंच म्हटलं, की उद्यापासून कोर्ट बंद होऊन राहिलं ना, महिनाभर?

सुट्टीतही एक न्यायमूर्ती बसतात, अर्ज करता येतो, शामलाताई म्हणाल्या. म्हणताना त्यांना स्वतःलाच ते शनिवारी मधुकररावांनी केलेल्या धावपळीसारखं ऐकू आलं.

वरची माणसं काम थांबवून खाली बघत होती. तुळसाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग शामलाताईंकडे.

"कागदाचं मले समजत नाई बाई. त्या दिवशी तुमी तोंडानं सांगतलं, तं मी आयकलं. आजबी तुमीच सांगा. मशीन येत नाई म्हनून सांगा, मी आत्ताच्या आत्ता टिन परत चढवाले लावतो."

शामलाताईंनी तोंड उघडलं. हुकूम खरा होता. कायदा खरा होता. मोडला तर काय होतं तेही त्यांना पक्कं ठाऊक होतं: नोटीस, इस्त्रीचा शर्ट, माफी. सांगायला चार शब्द पुरे होते आणि ते चारही शब्द घशाशी आले. कागद त्यांच्या हातात उन्हानं तापला होता. त्यांना काही बोलता आलं नाही.

तुळसाबाईंनी थोडी वाट पाहिली. घाई केली नाही. मग त्यांनी मान हलवली, जणू जे विचारलं त्याचं सरळ उत्तर मिळालं होतं, आणि वर पाहून म्हणाल्या, "काढा गा, पोट्टेहो. ऊन वाढून राहिलं."